सत्त्याऐंशीची गिटार

"शून्य, दोन," श्रुतिकाने मोठ्याने वाचलं, आणि पुढचे आकडे मी ऐकलेच नाहीत. ती माझ्या दुकानाच्या वरच्या खोलीत चटईवर बसली होती. मांडीवर माझी गिटार, गिटारच्या भोकातून आत सोडलेला मोबाइल, आणि चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा आनंद. "सर, दोन अधिक पंचवीस म्हणजे सत्तावीस. एकोणीसशे सत्तावीस. सर, तुमची गिटार शंभर वर्षांची आहे." शिकलेल्या माणसाचं हे असं असतं. त्याला एक सूत्र द्या, ते हातात घेऊन तो डोळे मिटून चालायला लागतो, आणि विहिरीत पडला तरी सूत्र सोडत नाही. सत्तावीस साली या गिटारी बनवणाऱ्या जपानी कारखान्याच्या जागी भाताचं शेत असेल. सूत्र मीच तिला मघाशी दिलं होतं आणि अर्धंच दिलं होतं, कारण उरलेल्या अर्ध्याची तिला गरज नव्हती. ते उरलेलं अर्धं आता माझ्या डोक्यात आपोआप चाललं, आणि उत्तर आलं तेव्हा मी उठून खिडकी लावून घेतली. बाहेर तसा काही आवाज नव्हता.

माझं नाव उझैर. महाडच्या बाजारपेठेत माझं औषधांचं दुकान आहे. दिवसभर मी गोळ्यांच्या पट्ट्या कापून देतो. त्यांच्यावर बनवल्याची तारीख असते आणि संपण्याची असते, तरी माणसं विचारतात, "डेट बघितलीत ना?" हे माझं पोटाचं काम. दुसरं काम फुकटातलं आहे आणि त्यात मी देशभर ओळखला जातो, म्हणजे जुन्या गिटारींचं वेड असलेली जी काही डोकी या देशात आहेत त्यांच्यात. इंटरनेटवर त्यांचा एक ग्रुप आहे. कोणीतरी फोटो टाकतो, आतला नंबर टाकतो आणि खाली लिहितो, "आजोबांची आहे, इंग्रजांच्या काळातली." या देशात प्रत्येकाचा आजोबा इंग्रजांच्या काळात गिटार वाजवत बसला होता असं दिसतं, मग शेती आणि पोरं नक्की कोण काढत होतं ते कळत नाही. मी नंबर बघतो आणि साल लिहितो. एका ओळीत. एकदा दोन हजार चार लिहिलं तर एका निवृत्त कर्नलने मला शिव्या घातल्या, कारण त्याच्या घराण्याची सगळी शान त्या गिटारवर टांगलेली होती. मी त्याला लिहिलं, नंबर खोटं बोलत नाही, घराणी बोलतात. ते वाक्य ग्रुपवर बरेच दिवस फिरत होतं आणि मला ते आवडायचं.

श्रुतिका पुण्याची. इथल्या औद्योगिक वसाहतीत केमिकलच्या कारखान्यात इंजिनियर आहे, बिरवाडीत खोली घेऊन राहते, आणि संध्याकाळी त्या वासात करण्यासारखं काही नसतं म्हणून तिने एक जुनी गिटार विकत घेतली. नंबर त्रेसष्टने सुरू होतो, म्हणून विकणाऱ्याने ती एकोणीसशे त्रेसष्टची म्हणून तिच्या गळ्यात मारली होती. मी तिला समजावलं. तो कारखाना छोटा आणि जुन्या वळणाचा, आपल्या सम्राटाच्या कारकिर्दीची वर्षं मोजणारा. त्रेसष्ट म्हणजे त्या सम्राटाचं त्रेसष्टावं वर्ष. त्यात पंचवीस मिळवायचे की आपलं साल येतं. अठ्ठ्याऐंशी. तिचा चेहरा उतरला. चेहरे उतरताना बघून मला वाईट वाटत नाही, माणूस आपल्या खऱ्या उंचीला येतो इतकंच. पुढच्याच जानेवारीत तो म्हातारा सम्राट मेला, मुलगा गादीवर आला आणि कारखान्याने मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली, हे मी तिला सांगितलं नाही. एक म्हणजे एकोणनव्वद. दोन म्हणजे नव्वद. तिला काय करायचं होतं ते. मग ती म्हणाली, "सर, तुमचीही त्याच कारखान्याची ना? तिचा नंबर कितीने सुरू होतो?" मी म्हणालो, "बासष्टने. सत्त्याऐंशीची आहे." ती "बघू?" म्हणाली आणि भिंतीवरून काढलीसुद्धा. हल्लीच्या पोरांना विचारणं आणि करणं यांच्यामध्ये श्वास घ्यावा लागत नाही.

बासष्ट हा आकडा मी कधी वाचलेला नव्हता. मान जिथे पोटाला जुळते तिथे आत एक लाकडी ठोकळा असतो, नंबर त्याच्यावर उमटवलेला असतो, आणि तो बघायला आरसा तरी लागतो नाहीतर असा मोबाइल. लोकांच्या गिटारींच्या पोटात मी आयुष्यभर डोकावलो. माझ्या स्वतःच्या गिटारीत कशाला डोकावायचं? माझे अब्बा, सुलेमान, अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये कुवेतमध्ये वारले, तिथेच दफन झाले, आणि गिटार त्यांनी माझ्यासाठी घेतलेली होती. म्हणजे ती त्याच्या आधीची. लाकूड, घडण, खुंट्या, सगळं सत्त्याऐंशीशी जुळत होतं. नंबर परक्या वस्तूला विचारतात. आपल्या बापाकडे कोणी आधार कार्ड मागत नाही.

आमच्या मोहल्ल्यात त्या काळी घरटी एक माणूस आखातात होता, आणि प्रत्येक माणूस दोन वर्षांनी येताना तेच आणायचा. वाघाचं चित्र असलेलं ब्लँकेट. कोकणातल्या उन्हाळ्यात घामाने निथळत ही माणसं ते ब्लँकेट पाहुण्यांना हात लावून बघायला द्यायची. मग अत्तराच्या कुप्या, दुधाच्या पावडरीचे डबे, सोनेरी काट्यांची घड्याळं. पोरांसाठी बॅटरीवर चालणारी मोटार, जी दुसऱ्या दिवशी बंद पडायची आणि मग कपाटात काचेमागे ठेवली जायची. एवढं वाळवंट तुडवून, एवढं उन्हात भाजून यांना जगात दिसलं काय, तर वाघाचं ब्लँकेट. आणि त्या सगळ्यांत एकच माणूस असा निघाला की त्याने आपल्या मुलासाठी गिटार घेतली. मी लहान होतो तेव्हा बिस्किटाच्या डब्यावर सायकलच्या ब्रेकची वायर ताणून तासन् तास वाजवत बसायचो. अम्मीने ते पत्रातून कळवलं असणार, आणि तिकडे त्या माणसाने दुकानात जाऊन ब्लँकेटांकडे पाठ केली असणार. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की मला ते दुकान दिसायचं. अब्बा मात्र दिसायचे नाहीत. त्यांची मला फक्त मान आठवते. मी त्यांच्या खांद्यावर बसलेलो, समोर ती दाट केसांची, पावडर लावलेली मान, आणि त्या पावडरीचा गोड वास. मी पाच वर्षांचा असताना ते कुवेतला गेले ते परत आले नाहीत. मानेवरून बाप उभा करायचा तर गिटारीसारखी एखादी भक्कम गोष्ट हाताशी लागते, आणि मी तो उभा केला होता. सगळ्या महाडकडे मी त्याच्या खांद्यावर बसून बघत आलो, आणि वरून महाड फार काही दिसत नाही.

"सर, काय झालं?" श्रुतिकाने विचारलं. मी म्हणालो, "ते शून्य दोन नाही. आकडे पुसट झालेत. पुराच्या वेळी ओल लागली होती." खरं तर पुराचं पाणी वरच्या खोलीत आलंच नव्हतं, खाली दुकानात छताला टेकलं होतं आणि सावित्री नदीने सगळ्या गोळ्यांचा एकच काढा केला होता. श्रुतिका पुन्हा आत बघत म्हणाली, "पुसट कुठे, चांगलं खणखणीत आहे." मी तिला म्हणालो की दुकानात गिऱ्हाईक आलंय. ती गेली. मग मी स्वतः मोबाइल आत घातला. शून्य दोन. मी चटईवर बसलो आणि माझ्या डोक्याने जे सुरू केलं ते बघून मला किळस आली. कदाचित ठोकळा नंतर कोणी बदलला असेल. कदाचित कारखान्यात उमटवताना चूक झाली असेल. कदाचित या एका गिटारला वेगळी मोजणी असेल. ही सगळी वाक्यं मी ओळखत होतो. ग्रुपवर माणसं मला हीच लिहायची आणि मी त्यांच्यावर हसायचो. कर्नलने शब्दशः पहिलं लिहिलं होतं.

ती गिटार आमच्या घरी आली एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात, आणि आणली अजमलमामूने. अजमलमामू म्हणजे अम्मीचा भाऊ, पोलादपूरचा, ट्रकवाला. त्या माणसाबद्दल काय सांगायचं. ट्रक येण्याआधी त्याचा टेप यायचा. केबिनमध्ये त्याने एक मोठा टेप बसवून घेतला होता, आणि सकाळ असो, मय्यत असो, कव्वाली पूर्ण आवाजात लावूनच स्वारी मोहल्ल्यात शिरायची. पान खाऊन लाल झालेलं तोंड, बनियनवर ऑइलचे डाग, जेवताना बोटं कोपरापर्यंत चाटायची पद्धत, आणि हसणं असं की शेजारच्या घरातलं मूल उठून रडायचं. मला लहानपणी खरूज झाली तेव्हा तो मला सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर घेऊन जायचा आणि स्वतःच लुंगी खोचून पाण्यात बसून गायचा. सूर नावाची काही गोष्ट असते हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. गंधकाच्या त्या वासात, चटके बसणाऱ्या पाण्यात, त्या आवाजाखाली बसून मी माझ्या बापाची वाट बघायचो, जो तेव्हा जिवंत होता. याच माणसाने खोका आणला. आखाती खोका कसा असतो ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. जाड पुठ्ठा, हिरवी नायलॉनची दोरी चारी बाजूंनी आवळलेली, वर काळ्या शाईत मोठ्या अक्षरांत नाव आणि महाड, जिल्हा रायगड. असा खोका दारात आला की आत काय आहे हे सगळे विचारतात, कुठून आला हे कोणी विचारत नाही. मामूने सांगितलं, सवचा एक माणूस कुवेतच्या लढाईतून पळून आला, सुलेमानच्या खोलीतच राहायचा, ही त्याच्याकडे राहिली होती. आणि महाडने मान हलवली. त्या वर्षी कुवेतची माणसं नेसत्या कपड्यांनिशी वाळवंट ओलांडून आली होती, कित्येकांना स्वतःचा पासपोर्ट आणता आला नव्हता, आणि त्यातल्या एकाने तीन वर्षांपूर्वी मेलेल्या दोस्ताची गिटार पाठीवर मारून आणली, यावर अख्ख्या मोहल्ल्याने विश्वास ठेवला, कारण खोक्याला हिरवी दोरी होती. अडाणी माणसं. मीही ठेवला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, पण आता सेहेचाळीसचा आहे, आणि मधल्या काळात मी नंबरांचा जाणकार झालो होतो.

दुसऱ्या दिवशी मी गिटार मागच्या सीटवर टाकून पोलादपूरला निघालो. रस्ता आता चौपदरी झाला आहे, अंतर संपून जातं, विचार करायला वेळ उरत नाही. तरी ती दोरी आठवायला तेवढा वेळ पुरला. खोका उघडताना ती सुटेना. अम्मी सुरी आणायला गेली होती आणि तेवढ्यात मामूने एक टोक ओढलं आणि सगळी दोरी एका झटक्यात ढिली होऊन खाली पडली. ताडपत्रीची गाठ. ट्रकवाले ताडपत्री आवळताना मारतात ती. ती कुवेतमध्ये कोणी मारत नाही. मी ते बघितलं होतं. मग आणखी एक आठवलं. पुराच्या वर्षी पाणी उतरल्यावर पहिला फोन त्याचा आला, आणि जीव वाचला का, दुकान राहिलं का, हे काही न विचारता त्याने विचारलं, "गिटार वाचली काय रे?" मला तेव्हा वाटलं होतं, बघा, म्हातारा पार वेडा झाला. एकेक गोष्ट अशी समोर येऊन उभी राहत होती, आणि प्रत्येकीवर माझी तेव्हाची टीप लिहिलेली होती, सगळीकडे तीच, की हा माणूस खुळा आहे. माझा राग मात्र कमी झाला नाही, वाढला. खोटं बोलला तो बोलला, आणि वर इतकी वर्षं आमच्या घरात बसून, माझ्या अम्मीच्या हातचं खाऊन, माझा बाप मला कसा शोभतो ते बघत राहिला. अम्मीला जाऊन चार वर्षं झाली, तिला आता विचारता येत नव्हतं. कुणाच्या जिवावर मी सगळ्यांपेक्षा वेगळा झालो होतो, हे मला आज त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं, आणि ते तोंड पानाने भरलेलं असणार हेही मला ठाऊक होतं.

मामू रस्त्याकडेला मुलाच्या पंक्चरच्या दुकानासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता, पायाशी कोंबड्या. ऐंशीकडे झुकलाय, इंजिनाच्या आवाजाने कान गेलेत. मुलाने घेऊन दिलेलं कानाचं मशीन तो शर्टाच्या खिशात ठेवतो; म्हणतो, लावलं की लोकांचं बोलनं ऐकाय येतं. मला बघून त्याने हात हलवला. "आला आमचा डाक्टर. अलीशबा, च्या टाक गो." सून आत गेली. औषधांचं दुकान असणारा माणूस डॉक्टर नसतो, हे मी त्याला वीस वर्षं सांगतोय. मी गिटार त्याच्या मांडीवर ठेवली आणि कानाकडे बोट केलं. त्याने कुरकुरत मशीन बाहेर काढलं, फुंकलं, लावलं. ते शिट्टी मारून गप्प झालं.

"मामू, ही कुठून आणलीत?"

"कुठून म्हंजे? तुज्या बापानं धाडलेली."

"ही नव्वद साली बनली आहे. अब्बा अठ्ठ्याऐंशीत वारले."

"कोन म्हनतो?"

"नंबर म्हणतो. आत लाकडावर उमटवलेला आहे."

मामूने गिटार उचलून भोकाला डोळा लावला, मग तिरकी करून दुसरा लावला. "आत नंबर असतो?"

"असतो."

"इंजिनाला असतो तसा?"

"तसाच."

तो हसला, तेच हसणं, कोंबड्या उडाल्या. "मंग मी खरवडला असता ना रे." मी हसलो नाही. मी म्हणालो की मला सगळं ऐकायचं आहे, आणि माझा आवाज गिऱ्हाइकावर चढतो तसा चढला होता. मामूने पान थुंकलं, तोंड पुसलं, आणि ज्या सुरात तो डिझेल संपल्याचं सांगतो त्या सुरात सांगितलं.

"तुज्या बापाची पेटी आली होती. तो गेल्यावर, कंपनीनं धाडली. मीच आनली ती विमानतळावरनं. तुज्या अम्मीनं, आसियानं उघडली. दोन शर्ट, एक घड्याल बंद पडलेलं, आन बूट. तुला घेतलेलं. चांगलं होतं, चामड्याचं." त्याने आपल्या तळहातावर बोटाने माप दाखवलं. "एवढं. तू नऊ वर्षांचा घोडा झालेला. ते पाच वर्षांच्या पोराचं बूट. त्याला तू तेवढाच ठाव होतास ना. आसिया लय रडली. म्हनाली, भाई, हे त्याला दाखवू नको, पोरगा म्हनंल बापाला माजं वय पन ठाव नाय. मी नेलं, सवला एका पोराला दिलं." चहा आला. त्याने बशीत ओतला. "मंग तू दुसऱ्या पोरांची ब्लँकेटं बघत बसायचास. तोंड असं करायचास." त्याने करून दाखवलं, आणि ते माझं तोंड होतं, आजचंही. "दोन वर्सं आसिया म्हनायची, बापाचं कायतरी पायजे रे याला. तू त्या डब्याला वायर लावून टँवटँव करायचास. न्हावाशेव्याला माझी फेरी असायची. तिथं बोटीवरचा एक खलाशी घेऊन बसलेला हे. मी म्हटलं हेच. त्याला टेप पायजे होता."

"कुठला टेप?"

"गाडीतला रे. आपला."

त्या हिवाळ्यात टेप चोरीला गेला असं तो सांगत फिरत होता. नंतर ट्रक आला तरी कळायचं नाही, एकदम दारात उभा दिसायचा. मला आठवतं, मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. चला, निदान एक कटकट गेली. मी मामूकडे बघत बसलो आणि काहीतरी सापडतंय का ते शोधू लागलो. बशीला ओठ लावून तो फुर्रकन चहा ओढत होता, मिशीला साय लागली होती, शर्टाचं बटण चुकलेलं होतं. सगळं जागच्या जागी होतं. इतका गावंढळ माणूस इतकी चोख लबाडी करतो, याचाही मला तिरस्कार करता येईल असं वाटलं आणि मी तो करून बघितला, पण तो पकडेना. रडू आलं असतं तर सोपं झालं असतं. मला आलं ते शरमेसारखं काहीतरी, आणि त्यात ते बूट होते. माझ्या बापाने एक वस्तू खरोखर माझ्यासाठी घेतली होती, दुकानात उभं राहून, हाताने माप आठवून, आणि त्याचं साल चुकलं होतं. दुकान होतं. गिटार नव्हती, एवढंच. लोकांच्या वस्तूंची सालं बरोबर सांगत मी एवढं आयुष्य काढलं, आणि माझं साल चुकलेला माणूस माझा बाप होता.

"एक इचारू?" मामू म्हणाला. "ही वाजते कशी?"

"तुम्ही कधी ऐकली नाहीत?"

"तू कुठं वाजवलीस? मी उंबऱ्यात आलो की थांबायचास. खुंटीला टांगून आत जायचास." त्यात तक्रार नव्हती. गाडी घाटात गरम होते असं सांगावं तसं तो सांगत होता. "मी एकदा मागच्या दारानं आलो, म्हटलं ऐकू तरी. तर तुला वास आला. म्हनालास, अम्मी, डिझेलचा वास येतोय." तो परत हसला. मला ते आठवत नव्हतं, पण वाक्य माझंच होतं, ते कुणाचं आहे हे सांगायला नंबर लागत नव्हता.

मी गिटार घेतली. रस्त्यावरून डंपर जात होते, आत मामूचा मुलगा चाकावरून टायर उचकटत होता, अशा जागी मी आयुष्यात कधी वाजवलं नसतं. तारा मी न जुळवताच सुरू केलं. काय वाजवलं तेही धड सांगता येणार नाही, बोटांना जे आधी सापडलं ते. मामू मान खाली घालून, एक कान पुढे करून बसला होता, इंजिनाचा बिघाड ऐकताना बसायचा तसा, आणि मशीन मधूनमधून शिट्टी मारत होतं. मग एक जीप येऊन थांबली. कुडपणचा येसाजी, मामूचं जुनं गिऱ्हाईक, पंक्चर झालेलं चाक ढकलत आला आणि आमच्यासमोर उभा राहिला. माझा हात थांबला. तो कोणी आला की थांबतोच, तीस वर्षांची सवय आहे.

"ही रे कसली?" येसाजीने विचारलं.

"भाच्याची हाय," मामू म्हणाला. "आमच्या सुलेमाननं धाडली होती याला, कुवेतवरनं. मरायच्या आदी. त्या वक्ताला एवढ्या मोहल्ल्यात कुनाकडं नव्हती." माझ्यादेखत, आत्ता सगळं सांगून झाल्यावर, बशीतला चहा संपायच्या आत. चेहऱ्यावर लाज नाही, डोळा मारणं नाही. चौतीस वर्षं तो हे सांगत आला होता आणि पुढेही सांगणार होता.

"लय जुनी दिसते," येसाजी म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "कवाची असंल?"

नंबर मला पाठ होता. शून्य दोन. मी मामूकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, कोंबडीला पायाने बाजूला करत होता.

"सत्त्याऐंशीची," मी म्हणालो.

येसाजीने मान हलवली आणि चाक घेऊन आत गेला. आपलं काम झालं की मामू मशीन काढून खिशात टाकतो, आता त्याचा हात कानाकडे गेला तेव्हा मला वाटलं काढणार. त्याने ते बोटाने आणखी आत ढकललं.

"थांबलास का?" तो म्हणाला. "वाजव."